त्रेपन्न सेंटीमीटरची पुंगळी

१

खलील मुकादम सापडला तेव्हा त्याचे पाय तेवढे बाहेर होते. कमरेपासून वरचा सगळा खलील पुंगळीत होता.

पुंगळी म्हटलं की बोटभर लांबीची काडतुसाची टोपी डोळ्यांपुढे येते. ही तशी नव्हती. एक उंच माणूस आत उभा राहिला तर जेमतेम त्याच्या डोक्याचा शेंडा दिसेल, एवढी ती खोल. घेर धान्याच्या कणगीएवढा आणि सगळं पितळ. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जर्मन नौदलानं एक प्रायोगिक तोफ बनवली होती, त्रेपन्न सेंटीमीटर तोंडाची. ज्या अवाढव्य जहाजांवर ती बसवायची ती जहाजं कधी बांधलीच गेली नाहीत. त्या तोफेचा मागचा तुकडा, दोन टनांहून जड असा एक रिकामा गोळा आणि त्या गोळ्यामागे बारूद भरायची ही पुंगळी, एवढा ऐवज कतारातल्या अल वक्राच्या बाहेरच्या एका खाजगी समुद्री संग्रहालयात येऊन पडला होता. मालक बू नासर. विश्वचषकाला जगभरची माणसं येतील तेव्हा ती आपल्या दारातही यावीत, अशी त्याची इच्छा. जुलै संपत आला होता, उद्घाटन ऑक्टोबरात होतं.

शनिवारी सकाळी साडेनऊला गोदामाचा स्टोअरकीपर जैद होडेकर चहा घेऊन आला तेव्हा त्याला शिडीवरून लोंबणारे पाय दिसले. त्यानं धावत जाऊन खलीलला कमरेला धरून ओढलं, बाहेर येईना म्हणून स्वतः आत वाकला, आणि तोही शिडीवरून खाली कोसळला. शुद्धीवर आला तेव्हा ओरडायला लागला, "तिनं मलापण धरलान!"

डॉक्टरांनी तपासलं. अंगावर ओरखडा नाही, विष नाही, मार नाही. कागदावर लिहिलं गेलं : हृदयक्रिया बंद, नैसर्गिक मृत्यू. कामगारांनी मात्र आपला निकाल केव्हाच दिला होता. एसी सुरू झाला की ती पुंगळी घुमायची, छातीत हादरे बसावेत तशी. मे महिन्यापासून ते सगळे म्हणत होते, तोफ रडते, तिला माणूस हवाय.

दोन दिवसांनी खलीलची बहीण हजरा अल हिलाल वस्तीत सरोज रिसबूडच्या दारात उभी राहिली. सरोज चोपन्न वर्षांची, मूळची पुण्याची. एका तेल कंपनीत गेली वीस वर्षं वेल्डिंग इन्स्पेक्टर. त्याच कंपनीच्या दवाखान्यात हजरा नर्स होती. दोघींची ओळख इंजेक्शनांची आणि डब्यातल्या सांदणांची.

"ताई, मी सही केली नाही," हजरा बसण्याआधीच म्हणाली. "सही केली की दफन होईल, फाइल बंद होईल. बू नासरनं तीन दिवस दिलेत. माझा भाव असा मरणारा नव्हता. तीन आठवड्यांपूर्वीच त्याचं मेडिकल झालं होतं, रिपोर्ट मी स्वतः बघितला होता. आणि गावाला त्याच्या बायकोला, नूरीभाभीला, कोणीतरी सांगितलंय, त्याला भुतानं मारलं. कोणी म्हणतं प्यायला होता. पोरांनी उद्या काय सांगायचं लोकांना?"

"मी पोलीस नाही गं, हजरा."

"त्या तोफेच्या स्टँडचे जोड तुम्हीच तपासताय ना? तुम्हाला आत जाता येतं. मला दारातूनच परत पाठवतात."

तिनं पर्समधून एक चुरगळलेली छोटी वही काढली. खलीलच्या सामानातून मिळालेली. तो क्रेनवर सामान चढवणाऱ्या टोळीचा मुकादम. नाव आणि काम एकच, असं तो हसून सांगायचा. वहीत उचललेल्या मालाचे आकडे होते, तारखा होत्या. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं एकच ओळ होती.

'शनिवार सकाळी. बुडातला आकडा वाचणे. कोणाला बोलणे नाही.'

२

दुसऱ्या दिवशी सकाळी सरोज गोदामात शिरली तेव्हा बाहेर बेचाळीस अंश होते आणि आत अंगावर काटा येईल इतका गारवा होता. मधोमध तोफेचा तुकडा, एखाद्या विहिरीला आडवं पाडावं तसा. बाजूला काळा टोकदार गोळा उभा. त्याच्याशेजारी पितळी पुंगळी, तोंड वर करून. वेल्डर लोकांचे गॅस सिलिंडर भिंतीला टेकून ठेवलेले होते. दोन कामगार लांबून वळसा घालून गेले. पुंगळीच्या दहा फुटांच्या आत कोणी फिरकत नव्हतं.

जैद पन्नाशीचा, रत्नागिरीकडचा. लग्नाकार्यात पैगंबरांच्या स्तुतीची नात गायचा, त्यामुळे कतारातल्या कोकणी मंडळींत त्याच्या गळ्याचं नाव होतं. आता तोच गळा धरून बसला होता.

"झाकण गुरुवारी संध्याकाळी बसवलेलं होतं, बाई. वेल्डिंगची धूळ जाऊ नये म्हणून असंल, म्हटलं. शुक्रवारी सुट्टी. शनिवारी खलीलनं उघडलं."

"तुम्ही बघितलंत?"

"बघितलं नाही, ऐकलं. मी तिकडं स्टोअरमधे. झाकण खाली ठेवल्याचा आवाज आला, मग ती घुमायला लागली. रोजच घुमते ती. पण त्या दिवशी..." जैदनं गळ्यावरचा हात काढला. "तुम्ही हसाल."

"नाही हसणार."

"त्या दिवशी तिचा सूर उतरलेला होता. रोजच्यापेक्षा अर्धा सूर खाली. मला वाटलं, आज हिचा आवाज बसलाय. आजारी माणसासारखा. मग चहा करायला गेलो. बाई, मी चहा करत होतो आणि तो तिथं..."

"तुम्ही आत वाकलात तेव्हा काय झालं? गुदमरलात? घशात जळजळलं?"

"काहीच नाही! तेच तर सांगतोय. वास नाही, धूर नाही. दोन श्वास घेतले आणि कोणीतरी दिवा मालवावा तसं झालं."

पंचवीस वर्षांपूर्वी, गुजरातमधल्या एका खत कारखान्याच्या कामावर, संपत नावाचा फिटर आपली पडलेली बॅटरी काढायला एका पाइपात शिरला होता. जोड स्वच्छ यावा म्हणून त्या पाइपात वेल्डरांनी आर्गॉन वायू सोडला होता. संपतला बाहेर काढलं तेव्हा तो झोपल्यासारखा दिसत होता. जोड उत्तम आहे म्हणून शिक्का मारणारी तरुण इन्स्पेक्टर सरोजच होती. आत हवा आहे का, हे तिला कोणी विचारलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं. तेव्हापासून कुठलंही अरुंद तोंड दिसलं की तिला संपत आठवायचा.

आर्गॉनला रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा तो जड, त्यामुळे खोल भांड्यातली हवा ढकलून पाण्यासारखा साठून राहतो, श्वासाला प्राणवायू उरत नाही. आणि जड वायूतून आवाज हळू जातो. बासरी तीच, फुंकर तीच, पण आत आर्गॉन असेल तर आवाज साधारण अर्धा सूर खाली उतरतो.

डोक्यावरच्या एसीची हवेचा झोत वळवणारी पट्टी हलली. सरोजचा हात पितळावर होता. पितळ थरथरलं आणि पुंगळी घुमायला लागली. खोल, सलग, कोणीतरी मिटल्या ओठांनी रडावं तशी.

जैदनं डोळे मिटून ऐकलं. "आज सूर जागेवर आहे," तो पुटपुटला.

म्हणजे आज आत हवा होती. शनिवारी नव्हती. आणि आर्गॉन आपल्या पायांनी चालत जाऊन कुठल्या भांड्यात बसत नाही.

३

संग्रहालयाचा जतनतज्ज्ञ अवधूत गाडगीळ नाशिकचा. धातूच्या जुन्या वस्तू जतन करण्यात त्याचा हात धरणारा आखातात कोणी नव्हता. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीची आरास दरवर्षी तोच करायचा. सरोजला बघून तो खुर्चीवरून उठला. त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

"सरोजताई, मला चार दिवस झोप नाही. इतका गुणी माणूस!"

"शनिवारी तू कुठे होतास?"

"घरीच. शनिवारी आम्हाला सुट्टी. लेकीच्या, ईराच्या शाळेत मीटिंग होती." त्यानं भिंतीवरच्या आराखड्याकडे बघितलं. "मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असतो, ताई. ही एवढी मोठी तोफ, पण हिनं युद्धात एकसुद्धा माणूस मारला नाही. नुसत्या चाचण्या झाल्या. म्हणून मला ती आवडायची. निष्पाप राहिली होती बिचारी."

ते 'राहिली होती' सरोजच्या कानात खुपलं.

"खलीलला आत वाकून काय बघायचं होतं?"

अवधूतनं दार लोटून घेतलं. "कोणाला सांगू नका. पुंगळी खोटी आहे. अस्सल पुंगळी एकाच जाड चकतीतून ओढून काढतात, तिला सांधा नसतो. हिला आहे. बाहेरून घासून बेमालूम केलाय, आतून तळाशी राहिलाय. खलीलच्या लक्षात आलं. तरुणपणी मुंबईला जहाजं तोडायच्या कामावर होता ना, तिथं असल्या पुंगळ्या त्यानं खूप बघितलेल्या. गुरुवारी तो मला म्हणाला, ब्रांटसाहेबांशीही बोललोय. ब्रांट म्हणजे आम्हाला हे सगळं विकणारा जर्मन. गुरुवारी तो इथं होता. गॅसचे सिलिंडर काय, कोणाच्याही हाताशी आहेत."

सरोजनं मान वर केली. "गॅस? मी गॅसचं काही बोलले नाही."

"जैद सगळ्यांना सांगत सुटलाय ना, दोन श्वासांत दिवा मालवला म्हणून. मीही धातूवाला आहे, ताई. मला कळतं."

उत्तर सरळ होतं. तरीही बाहेर पडल्यावर सरोजनं आपल्या बॅगेतून पाइपाच्या आत सोडायचा बारीक कॅमेरा काढला आणि पुंगळीत उतरवला. पडद्यावर पितळ सरकत गेलं, आणि तळापासून हातभर उंचीपर्यंत एक बारीक, सरळ, उभी रेघ चमकली.

वेल्डिंगचा जोड. या कामात हयात गेलेल्या बाईला तो एका नजरेत ओळखू आला. वर्षभराच्या आतला, आणि आर्गॉन वापरून केलेला.

तिनं कॅमेरा आणखी खाली सोडला. तळावर आकडा नव्हता. कुठलाच.

४

ब्रांट वक्राच्या समुद्राकाठी, जुन्या बाजारातल्या एका कॉफीच्या दुकानात बसला होता. सत्तरीचा, वाळलेला, बोलताना दम लागणारा. 'खोटी' हा शब्द ऐकल्यावर तो चिडला नाही. त्याचा चेहरा पडला.

"मी अस्सल वस्तू विकली, मॅडम," तो इंग्रजीत म्हणाला. "तीन पिढ्या आमच्या कोठारात होती. हे बघा."

त्यानं फोनवर फोटो दाखवले. पुंगळी आडवी पडलेली, तिच्या बुडाची बाहेरची बाजू कॅमेऱ्याकडे. त्यावर गरुडाचा छाप आणि आकडे.

"आकडे नेहमी बाहेरच असतात?"

"बाहेरच. बारूद भरणाऱ्यानं वाचायचे असतात ते. आत ठोकणार कोण आणि वाचणार कोण? हे तर नवशिक्यालाही माहीत असतं."

"गुरुवारी खलील तुमच्याशी काय बोलला?"

"खलील म्हणजे तो मिशीवाला?" ब्रांटच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला हिंदी येत नाही. आम्ही भेटलो की एकमेकांकडे बघून हसायचो. तेवढंच. काही बोलायचं तर मिस्टर अवधूत मध्ये असायचे. गुरुवारी मिस्टर अवधूत दिवसभर त्यांच्या खोलीतच होते, म्हणून आम्ही नुसतेच हसलो."

सरोजनं कॉफीचा कप खाली ठेवला.

"तुम्ही अस्सल वस्तू पाठवलीत, याला पुरावा?"

"माझ्या कागदावर वजन आहे. दोनशे चौदा किलो. पण माझ्या कागदावर तुम्ही का विश्वास ठेवावा?" तो खोकला. "तुमच्या क्रेनला विचारा. क्रेनला खोटं बोलता येत नाही."

सरोजनं तिथंच, त्या टेबलावर खलीलची वही उघडली. फेब्रुवारीचं पान. माल आला तो दिवस. गोळा, तोफेचा तुकडा, आणि खाली गोल अक्षरात : 'पुंगळी – २१४.'

ती भराभर पानं उलटत गेली. जुलै. पुंगळी नव्या जागेवर हलवली तो दिवस. खलीलनं आकड्याखाली दोनदा रेघ ओढली होती आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं.

'पुंगळी – १८१.'

५

त्या दुपारी हजराच्या घरी पंख्याखाली तिघं बसले. हजरा, सरोज आणि जैद. हजरानं सरबत केलं होतं, त्याला कोणी हात लावला नाही.

"कतारात आली तेव्हा पुंगळी दोनशे चौदा किलोची होती," सरोज म्हणाली. "म्हणजे ब्रांटनं अस्सल दिली. जुलैत ती तेहेतीस किलोनं हलकी झाली. पितळ उन्हानं वाळत नाही. मधल्या पाच महिन्यांत इथंच कोणीतरी ती बदलली. जैदभाई, या काळात अवधूतच्या खोलीत काही वेगळं घडलं? आठवा."

जैदनं बोटांवर महिने मोजले. "मार्चमधे. त्यांनी पुंगळी साफ करायला आत घेतली होती. खोलीत वास असा की डोळ्यातून पाणी. मुतारीसारखा, पण दसपट."

"अमोनिया."

"असंल. एके सकाळी आतून आवाज झाला, धाडकन. तोफ उडाल्यागत. मी धावलो. साहेब म्हणाले, शिडी पडली. पण ते जमिनीवर बसले होते, बाई, भिंतीला टेकून. आणि रडत होते. आवाज न करता. मला वाटलं, त्यांनाही तिनं धरलान. म्हणून मी कोणाला बोललो नाही. नंतर एक मोठी पेटी सनाइयातल्या, कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपला गेली आणि महिन्यानं परत आली."

सरोजनं डोळे मिटले. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात पलटणींची काडतुसं घोड्यांच्या तबेल्याजवळ ठेवली की आपोआप तडकायची, हे तिनं कॉलेजात वाचलेलं होतं. लीद-मुताचा अमोनिया आणि ओढून ताणलेलं पितळ, या दोघांचं वैर जुनं. ताण आतच दडलेला असतो, अमोनिया लागला की तो वाट शोधतो. ऐंशी वर्षं टिकलेली पुंगळी अवधूतच्या हाताखाली उभी फाटली होती. जगात दुसरी नव्हती. त्यानं फुटलेली लपवली आणि सनाइयातून नक्कल करून आणली.

"मग माझ्या भावानं काय बिघडवलं त्याचं?" हजरानं विचारलं. तिचा आवाज एकदम लहान झाला होता.

"काही नाही. त्यानं सांधा बघितला, वजन बघितलं आणि भल्या मनानं साहेबांना जाऊन सांगितलं. साहेब म्हणाले असतील, बुडात आतून आकडा असतो, तो मिळाला की वस्तू खरी. शनिवारी मी नसेन, तूच वाच, तोवर कोणाला बोलू नकोस. खलीलनं तेच वहीत लिहून घेतलं. आत आकडा नसतो, हे अवधूतला पक्कं माहीत. ज्याला खलीलचं डोकं आत हवं होतं, तोच असं सांगेल. खलीलशी मराठीत बोलणारे तिथं दोघेच. एक साहेब, आणि दुसरे..."

जैदनं दचकून वर पाहिलं.

"दुसरे तुम्ही. पण आत आर्गॉन असल्याचं माहीत असतं तर तुम्ही त्याला काढायला स्वतः वाकला नसतात."

हजरा उठून खिडकीशी गेली. "हे सगळं अंदाजानंच ना, ताई? तो म्हणेल, मला काय माहीत. उद्या तिसरा दिवस."

"हो," सरोज म्हणाली. "म्हणून उद्या त्याला पुंगळीत वाकायला सांगायचं."

६

सकाळी अकराला गोदामात बू नासर आला, पांढऱ्याशुभ्र पायघोळ थोबमध्ये, हातात जपमाळ. ब्रांट त्याच्या बाजूला उभा राहिला. हजराला या वेळी कोणी अडवलं नाही. ती दाराशीच थांबली. पुंगळीवर झाकण होतं, कडेनं पट्टी चिकटवलेली. शेजारी आर्गॉनचा एक सिलिंडर उभा होता, आणि त्याची नळी पुंगळीच्या पायाशी वेटोळं घालून पडली होती.

अवधूत आला, आणि त्याची नजर आधी त्या नळीवर गेली.

"बू नासर, शेवटचं एक काम," सरोज इंग्रजीत म्हणाली. "खलील बुडातला आकडा वाचायला गेला होता. तो आकडा सापडला तर वस्तू खरी, असं त्याला सांगितलं होतं. अवधूत, इथं तुझ्याइतका जाणकार कोणी नाही. तू वाचून दाखव."

तिनं पट्टी ओढली, झाकण उतरवलं आणि त्याच्या हातात बॅटरी दिली.

अवधूतच्या कपाळावर घाम आला, त्या गारव्यातसुद्धा. "आत्ता?"

"यल्ला, यल्ला," बू नासर अधीरपणे म्हणाला.

तो शिडी चढला. काठावर हात टेकले. क्षणभर थांबला, आणि मग वाकला. दहा सेकंद. पंधरा. वर आला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता आणि त्यानं धाप टाकली.

"आहे," तो म्हणाला. "अस्पष्ट आहे, पण आकडा आहे."

"आकडा नाही, अवधूत. काल मी कॅमेरा सोडून बघितलंय. त्याचं चित्रण बू नासरना दाखवलंय. पण ते जाऊ दे." सरोज शिडीच्या पायाशी उभी होती, मान वर करून. "तू श्वास का कोंडलास?"

"काय?"

"खाली वाकताना पोट दाबलं जातं, माणूस श्वास सोडतो. तू वाकायच्या आधी छाती भरून घेतलीस आणि तोंड मिटलंस. पंधरा सेकंद तू आत श्वास घेतला नाहीस. इथं सगळ्यांनी बघितलं. आत काय आहे असं तुला वाटलं?"

"मी... रसायनांत काम करतो, सवय असते." त्याचा हात सिलिंडरकडे गेला. "तुम्हीच भरलंत ना? मला मारायला?"

डोक्यावरची झोत पट्टी हलली, आणि पुंगळी घुमायला लागली. जैदनं कान दिला.

"सूर जागेवर आहे, साहेब," तो म्हणाला. "आत नुसती हवा आहे."

अवधूत शिडीवरच बसला. ऐकत राहिला. मग हळूहळू त्याचे खांदे हलायला लागले. मार्चमध्ये जैदनं पाहिलं होतं तसाच तो आवाज न करता रडत होता.

"तो आवाज," तो म्हणाला. "खऱ्या पुंगळीला तो नव्हताच, तुम्हाला माहीत नाही. ती कधी घुमलीच नाही. मी तिला फक्त चकाकी द्यायला गेलो. इतकं तर सगळेच करतात. सकाळी माझ्या डोळ्यांदेखत वरपासून खालपर्यंत फाटली. युद्धानं सोडलं तिला. मी नाही सोडलं." त्यानं चेहरा पुसला. "तुकडे माझ्या टेबलाखालच्या पेटीत आहेत. रोज मी त्यांच्यावर पाय ठेवून बसतो."

"आणि खलील?"

"मला वाटलं, चक्कर येईल. घाबरेल. भुताचं नाव होईल, परत कोणी आत बघणार नाही. एवढंच."

"अर्धा माणूस आत वाकवल्यावर चक्कर आली, तर तो बाहेर कसा येईल, अवधूत?"

बू नासरच्या हातातली जपमाळ थांबली होती. त्याला मराठी शब्द समजले नव्हते, पण दाराशी उभी असलेली हजरा खाली बसली होती. ते बघून त्यानं खिशातून फोन काढला आणि पोलिसांना बोलावलं.

७

कागदावरची 'नैसर्गिक' ही नोंद पाच दिवसांनी बदलली. मग हजरानं सही केली.

दफन अबू हमूरच्या कब्रस्तानात, तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर. पुरुष आत गेले. हजरा आणि सरोज बाहेर, एसी चालू ठेवलेल्या गाडीत बसल्या. पलीकडच्या रस्त्यावर विश्वचषकाचे झेंडे लावायचं काम चाललं होतं. उन्हात खांबावर चढलेला एक माणूस दोरी ओढत होता. हजरा त्याच्याकडेच बघत होती. तो खाली उतरेपर्यंत तिनं नजर काढली नाही.

मग तिनं गावी, श्रीवर्धनला, फोन लावला. "भाभी, मातीला नेलं." पुढचं तिला सांगवेना. तिनं फोन सरोजच्या हातात दिला.

"बाई," नूरीचा आवाज स्पष्ट होता, रडून झालेल्या माणसाचा. "तुम्ही शोधलंत म्हणे. त्याला लय तरास झाला?"

सरोजनं संपतच्या बायकोला कधी फोन केला नव्हता. तेव्हा ती स्वतः एकोणतीस वर्षांची होती, आणि कोणी करायला सांगितलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "तो वायू तसा असतो. गुदमरायला होत नाही, जळत नाही. दोन श्वास घेतले की शुद्ध जाते. त्याला कळलंसुद्धा नाही."

"शपथेवर?"

"शपथेवर."

पलीकडे कोणीतरी पातेलं आपटलं, एक मूल काहीतरी मागत होतं. नूरीनं त्याला गप्प केलं.

"भूत नव्हतं ना मग?"

"नाही. माणूस होता."

"कुठला?"

"आपल्याकडचाच. नाशिकचा."

"त्याचं नाव काय?"

सरोजनं सांगितलं.

नूरीनं ते सावकाश, अक्षर न् अक्षर, परत उच्चारलं. कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज सरोजला फोनमधून ऐकू आला.

"गाडगीळमधली गी मोठी ना?" नूरीनं विचारलं. "बरोबर लिवते. पोरं मोठी झाली का विचारतील, तवा चुकीचं नाव सांगाया नको."